टोपी घालून मांजर शोधणारा तो माणूस कोण?

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज मिळून सिनेमाचे प्रश्न इतके आले की आधी वाटलं दोन अंकांत वाटून देऊ, पण वाचत गेले तसं लक्षात आलं की पाच जण फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतायत, पडद्यावर दोन-पाच मिनिटं दिसणाऱ्या माणसांपाशी. म्हणून यावेळी फक्त तेच घेतलंय. गच्चीवरच्या गवती चहाबद्दल विचारणाऱ्या औंधच्या काकू, तुमचं उत्तर पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : नमस्कार ताई. नातवाने लॅपटॉपवर 'एलियन' दाखवला. त्यात एक हडकुळा टोपीवाला मेकॅनिक मांजर शोधायला जातो आणि मरतो. त्यानंतर आठवड्याने नातवानेच 'पॅरिस, टेक्सस' लावला, त्यात लाल टोपी घालून वाळवंटातून चालत येणारा माणूस तोच आहे असं माझं म्हणणं. आमची ही म्हणते शक्यच नाही, हा हिरो आहे आणि तो एक्स्ट्रा होता. घरात तीन दिवस वाद चालू आहे. खरं काय? — एक आजोबा, कोथरूड

आजोबा, तुम्ही जिंकलात. दोन्हीकडे तोच आहे, हॅरी डीन स्टँटन. पण आजींनी वाईट वाटून घेऊ नये, कारण हा हिरो आणि तो एक्स्ट्रा असं जे त्या म्हणाल्या ना, त्यातच या माणसाची सगळी कारकीर्द आली. फक्त एक्स्ट्रा म्हणू नका. एक्स्ट्रा म्हणजे गर्दीत उभा राहणारा, त्याला नाव नसतं की संवाद नसतात. 'एलियन'मधल्या त्या मेकॅनिकला ब्रेट हे नाव आहे, यानातली पाइपलाइन सांभाळायचं काम आहे आणि आपल्याला वाटणी कमी मिळते म्हणून कुरकुरसुद्धा आहे.

जन्म १४ जुलै १९२६, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्विन नावाच्या लहानशा गावात. घरी तंबाखूची शेती, वडील केस कापायचंही काम करायचे. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलात गेला, जहाजावर स्वयंपाकी म्हणून, आणि ओकिनावाच्या लढाईच्या वेळी तिथे होता. परत आल्यावर लेक्सिंग्टनला युनिव्हर्सिटीत पत्रकारिता आणि रेडिओ शिकायला लागला आणि तिथे त्याने 'पिग्मॅलियन'मध्ये काम केलं, म्हणजे ज्याच्यावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं तेच नाटक. झालं, डिग्री अर्धवट टाकून गडी कॅलिफोर्नियात पॅसाडिना प्लेहाऊसला नट व्हायला गेला. १९५४ला पहिलं टीव्हीचं काम, १९५७ला पहिला सिनेमा, तो पण घोडेस्वारांचा.

आणि मग पुढची दहा-बारा वर्षं जवळजवळ फक्त घोडे. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर काऊबॉयच्या मालिकांचा पूर आला होता, एकट्या 'गनस्मोक'चंच बघा ना, १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली. दर आठवड्याला नवा एपिसोड, नवा एपिसोड म्हणजे नवी टोळी, आणि टोळीत एक म्होरक्या असला तरी मागे तीन-चार चेहरे लागतातच. त्यातला एक चेहरा याचा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली. सुरुवातीच्या पाट्यांवर नाव पण पुरतं नाही, 'डीन स्टँटन' एवढंच, कारण हॅरी स्टँटन नावाचा आणखी एक नट तेव्हा होता.

साठच्या दशकात पुढे मोठा स्टार झालेला नट जॅक निकल्सन आणि तो एकाच घरात राहायचे. निकल्सनच्या १९६२च्या लग्नात हा बेस्ट मॅन होता, आपल्याकडच्या लग्नात करवल्या असतात तसा तिकडे नवऱ्याच्या बाजूला उभा राहणारा जिवलग. पुढे निकल्सनने स्वतः एक वेस्टर्न लिहिला, 'राइड इन द व्हर्लविंड', त्यात दरोडेखोरांच्या म्होरक्याचं काम याला दिलं आणि सांगितलं की तू काही करू नकोस, कपडे काय काम करायचं ते करतील, तू फक्त तू राहा. स्टँटन ही गोष्ट आयुष्यभर सांगायचा आणि आपली नटाची खरी सुरुवात तिथून झाली असं मानायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्या आधीच्या कामांत तो व्हिलन 'करताना' दिसतो आणि नंतरच्या कामांत तो माणूस नुसता असतो, बास.

मग १९६७च्या 'कूल हँड ल्यूक'मध्ये गाणी म्हणणारा कैदी, १९७४च्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात एफबीआयचा माणूस, १९७९ला 'एलियन'. त्याचा दिग्दर्शक रिडली स्कॉटला भेटायला गेला तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं म्हणे की मला असले राक्षसांचे आणि अंतराळाचे सिनेमे आवडत नाहीत, आणि तरी रोल मिळाला.

आता तुमचा लाल टोपीवाला. न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे गावात एका बारमध्ये नाटककार सॅम शेपर्ड आणि तो बसले होते, आणि स्टँटनने मन मोकळं केलं की मला तेच तेच करून कंटाळा आलाय, काहीतरी सुंदर, हळवं असं काम करायचंय. तो काही काम मागायला गेला नव्हता. पण शेपर्ड तेव्हा जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्ससाठी कथा लिहीत होता, आणि थोड्या दिवसांनी फोन आला. शूटिंग झालं तेव्हा स्टँटन ५७ वर्षांचा. तीस वर्षं काम केल्यावरचा पहिला खरा लीड! १९८४ला कान महोत्सवात सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर मिळाला. तुमच्या लक्षात आलं असेल, पहिली जवळजवळ पंचवीस मिनिटं तो एक शब्द बोलत नाही. मी हा पहिल्यांदा बघितला नवी पेठेत मैत्रिणीच्या खोलीवर, फाटक्या डीव्हीडीवर, मधेच अडकायची, आणि आम्हाला कळेचना की डिस्क अडकलीय की तोच थांबलाय. आणि शेवटी काचेच्या पलीकडे बसलेल्या बायकोला तो फोनवरून सगळी हकिकत सांगतो, पाठमोरा बसून, तेव्हा खोलीतल्या चार पोरींपैकी कोणीच चहा करायला उठलं नाही.

आणि याच्या पुढचं मला सगळ्यात जास्त आवडतं. एवढं झाल्यावर तो हिरो वगैरे झाला नाही, परत बाजूच्या भूमिकांकडे गेला. १९८६ला 'प्रिटी इन पिंक'मध्ये नोकरी गेलेला, बायको सोडून गेलेला बाप, दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या कितीतरी सिनेमांत काही मिनिटांचा माणूस, 'बिग लव्ह' मालिकेत अनेक बायका असलेल्या पंथाचा म्हातारा प्रमुख, आणि तो तर इतका थंड डोक्याचा आणि भीतीदायक की 'पॅरिस, टेक्सस'वाला हाच यावर आजींचा परत विश्वास बसायचा नाही. पुन्हा पूर्ण लीड मिळाला तो थेट नव्वदीच्या आसपास, 'लकी' नावाच्या छोट्या सिनेमात. १५ सप्टेंबर २०१७ला तो गेला, ९१ वर्षांचा होता, आणि 'लकी' अमेरिकेत थिएटरला लागला त्यानंतर दोन आठवड्यांनी. ऑस्करचं नामांकन त्याला एकदाही मिळालं नाही आणि हे मला आजही खुपतं.

तेव्हा आजोबा, पैज काय लावली होती ते लिहिलं नाहीत, पण आजींकडून वसूल करा.

प्रश्न : कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणजेच आपला चरित्र अभिनेता का? मग हिंदीत नेहमी हिरोचे वडीलच चरित्र अभिनेते का असतात? — एक शिक्षिका, सिंहगड रोड

शब्द तोच आहे पण वाटेत त्याचा अर्थ थोडा आक्रसला. तिकडे जुन्या नाटक कंपन्यांमध्ये नटांचे प्रकार ठरलेले असायचे, देखणा नायक एक, तरुण जोडी, व्हिलन, आणि उरलेले सगळे म्हातारे, विक्षिप्त, नोकर, शेजारी, दारुडे करणारे ते कॅरेक्टरवाले. म्हणजे ज्याला स्वतःचं रूप घेऊन उभं राहायचं नसतं, दर वेळी नवा माणूस उभा करायचा असतो तो. आपल्याकडे सिनेमाच्या पाटीवर तो शब्द 'चरित्र अभिनेता' होऊन आला आणि हळूहळू बाप, काका, मुनीमजी एवढ्यावर येऊन थांबला.

ऑस्करला सुद्धा सहायक भूमिकांसाठी वेगळं बक्षीस सुरुवातीपासून नव्हतं, ते १९३६च्या सिनेमांपासून सुरू झालं, आणि पहिला मान वॉल्टर ब्रेनन नावाच्या नटाला मिळाला. त्याने पुढे १९३८ आणि १९४०च्या सिनेमांसाठीही ते मिळवलं, म्हणजे पाच वर्षांत तीन! पण गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही की सुरुवातीची काही वर्षं या लोकांना ती सोनेरी बाहुली द्यायचेच नाहीत, एक फलक द्यायचे.

आणि आपल्याकडे बघायचं तर निळूभाऊंकडे बघा ना. निळू फुले आपल्या पुण्याचे, नट व्हायच्या आधी एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, माळीकाम करायचे. लोकांनी त्यांना व्हिलन म्हणून टाकलं, पण 'सामना'मधला हिंदुराव नुसता व्हिलन आहे का हो? त्या माणसाला भीती आहे, एकटेपणा आहे, पाहुणचाराची हौस आहे. लागूंच्या समोर बसून ते नुसतं ऐकतात तेव्हा सुद्धा आपलं लक्ष त्यांच्याकडे जातं. मला विचाराल तर कॅरेक्टर आर्टिस्टची व्याख्या मी तुमच्या वर्गात हीच सांगेन, की तो बोलत नसताना पण काहीतरी चालू असतं.

प्रश्न : दोन मिनिटांच्या रोलवर यांचं घर कसं चालतं? मी बँकेत आहे म्हणून विचारते. — कर्वेनगर

चांगला प्रश्न आणि कोणी विचारत नाही असा.

आधी हॉलिवूडमध्ये स्टुडिओंचा जमाना होता, तेव्हा नट स्टुडिओच्या पगारावर असायचे, सात-सात वर्षांचे करार, सांगतील ते काम करायचं. आपल्या प्रभातमध्ये माणसं पगारावर असायची तसंच काहीसं. १९४८ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्टुडिओंना सांगितलं की सिनेमे पण तुम्हीच बनवायचे आणि थिएटरं पण तुमचीच हे चालणार नाही, थिएटरं सोडा. त्याच सुमारास टीव्ही आला. स्टुडिओंची कमाई घसरली, पगारी नटांची फौज परवडेना, आणि नट मोकळे झाले, म्हणजे एका अर्थी बेकार पण झाले. स्टँटन आला तो नेमका या काळात. मग दिवसाच्या हिशोबाने काम. त्याला डे प्लेयर म्हणतात, युनियनने ठरवलेला किमान दर असतो त्याला स्केल म्हणतात, आणि त्याच्या खाली कोणी देऊ शकत नाही.

पण खरा आधार वेगळाच आहे, रेसिड्युअल. म्हणजे तुम्ही काम केलेला एपिसोड परत दाखवला की तुम्हाला परत थोडे पैसे. टीव्हीसाठी हे थोडंफार आधी सुरू झालं होतं, पण सिनेमा टीव्हीवर दाखवला तर काय, यावरून १९६०च्या मार्चमध्ये नटांच्या संघटनेने संप केला. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, हो, तेच, जे पुढे देशाचे अध्यक्ष झाले. एप्रिलमध्ये संप मिटला, १९६०पासून पुढच्या सिनेमांना रेसिड्युअल मान्य झाले आणि त्यातूनच नटांची पेन्शन आणि आरोग्य विमा उभा राहिला. आधीच्या सिनेमांवर मात्र पाणी सोडावं लागलं, त्यामुळे कितीतरी जुने नट आयुष्यभर चिडून होते आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

तुम्ही बँकेतल्या म्हणून एक आकडा देते. २०२३ला या संघटनेचा आरोग्य विमा मिळायला नटाची वर्षाची त्यातली कमाई किमान २६,४७० डॉलर असावी लागायची, आणि बहुतेक सभासद तिथपर्यंत पोचायचे नाहीत. हिरोला हा आकडा दिसत पण नाही. पण वर्षाला चार-पाच छोटे रोल करणाऱ्याच्या हातात जुन्या मालिकांचे चेक आले तर तो त्या रेषेच्या वर राहतो, नाही आले तर खाली जातो, आणि मग घरात कोणी आजारी पडलं की संपलंच. ओटीटीवर हे पुन्हा दाखवल्याचे चेक फार बारीक होऊन गेले, म्हणून २०२३ला परत संप झाला, ११८ दिवस चालला. तेव्हा टीव्हीवर मोठे स्टार दिसत होते घोषणा देताना, पण तो संप खरा या दोन मिनिटांवाल्यांचा होता. आपल्याकडे मालिकेत काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते नुसते बघत राहतात, कारण इथे नव्वद दिवसांनी हातात पडणारा पहिलाच चेक वेळेवर आला तरी खूप झालं अशी परिस्थिती आहे.

प्रश्न : यात सगळे पुरुषच का? बायका नसतात का कॅरेक्टर आर्टिस्ट? — एक वाचक, बिबवेवाडी

असतात हो, आणि त्यांचं जास्त कठीण असतं, कारण पुरुषाच्या सुरकुत्यांना रोल मिळतात आणि बाईच्या सुरकुत्यांना फार कमी. पण मार्गो मार्टिनडेल बघाच. टेक्ससची, जन्म १९५१चा. वर्षानुवर्षं कोणाची तरी आई, कोणाची तरी शेजारीण केली, आणि मग साठीच्या उंबऱ्यावर 'जस्टिफाइड' मालिकेत मॅग्ज बेनेट मिळाली, डोंगरातल्या गुन्हेगार घराण्याची आई, एका हाताने जेवायला वाढते आणि दुसऱ्या हाताने विष देते अशी. २०११ला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला, नंतर 'द अमेरिकन्स'साठी आणखी दोन. मॅग्जचा तो पहिल्याच एपिसोडमधला सरबतासारखी दारू पाजायचा सीन, आवाज एकदम प्रेमळ, आपल्या वाड्यातल्या एखाद्या काकूंसारखा, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये पहिल्या वर्षापासून आहे. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकदा हवालदार, एकदा गर्दीतला माणूस आणि यावेळी चहावाला, एकूण चार वाक्यं. घरचे म्हणतात चार वाक्यांसाठी रात्री बारापर्यंत तालमी कशाला. आमचा दिग्दर्शक म्हणतो कुठलीच भूमिका छोटी नसते, पण हे तो लीड करणाऱ्याला कधी सांगत नाही. खरं सांगा, यात काही अर्थ आहे का? — चहावाला, आकुर्डी

तुला तूच म्हणते, चालेल ना.

तुझ्या दिग्दर्शकाचं वाक्य मी पण माझ्या वेळी ऐकलंय आणि मला पण राग यायचा. भूमिका छोटी असतेच. चार वाक्यं म्हणजे चार वाक्यंच. तुला ५७व्या वर्षी लीड मिळेल असं पण मी सांगणार नाही, स्टँटनबरोबर त्या काऊबॉयच्या टोळ्यांमध्ये जे आणखी शेकडो होते त्यांची नावं आज कोणाला माहीत नाहीत. तेव्हा पुढे काय होईल ते सोड. मी तुला फक्त तीन सीन सांगते, तू ते बघ, मग तुझा चहावाला घेऊन परत तालमीला जा.

पहिला, वर आजोबांनी विचारलेला तोच, ब्रेट मांजर शोधतो तो. यानाच्या तळाशी एका मोठ्या उंच जागेत जातो, वरून साखळ्या लोंबतायत, पाणी गळतंय. पटकथेच्या दृष्टीने त्याला फक्त मरायचंय, आता राक्षस मागून येणार आहे. पण तो काय करतो, त्या गळणाऱ्या पाण्याखाली उभा राहतो, टोपी काढतो, तोंड वर करतो आणि पाणी चेहऱ्यावर पडू देतो. दिवसभर पाइपांत राबलेला माणूस, त्याला गार पाणी मिळालंय, बस. ते काही सेकंद मिळतात म्हणून तो आपला होतो आणि मग मरतो तेव्हा आपल्याला लागतं. तुझा चहावाला दिवसभर स्टोव्हसमोर उभा आहे, त्याला कधी गार वाटतं? हे तुला कोणी लिहून देणार नाही.

दुसरा सीन १९९९च्या 'द ग्रीन माइल'मधला. तुरुंगात फाशीची, म्हणजे विजेच्या खुर्चीची रंगीत तालीम असते, खऱ्या कैद्याच्या जागी तालमीपुरता टूट-टूट नावाचा म्हातारा कैदी बसवतात, तो स्टँटन. तो खुर्चीत बसून काहीतरी आचरट बडबडतो, पहारेकऱ्यांना हसू आवरत नाही, आपल्याला पण नाही. आणि थोड्या वेळाने त्याच खुर्चीत खरा माणूस येऊन बसतो. टूट-टूटने आधी हसवलं नसतं तर तो दुसरा सीन एवढा भयानक झालाच नसता. बघ, त्याचं काम त्याच्या सीनमध्ये दिसत नाही, दुसऱ्याच्या सीनमध्ये दिसतं. हे चांगल्या नटांना पण पचत नाही लवकर, की माझी मेहनत टाळी मिळवणार दुसऱ्याच्या प्रवेशाला.

आणि तिसरा. यासाठी वेळ काढ. डेव्हिड लिंचचा 'द स्ट्रेट स्टोरी', तो पण १९९९चाच. खरी घडलेली गोष्ट आहे. आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावात अल्विन स्ट्रेट नावाचे ७३ वर्षांचे गृहस्थ होते, नजर अधू, पाय अधू, गाडीचं लायसन्स नाही. भावाशी दहा वर्षं अबोला. १९९४ला कळलं की भावाला स्ट्रोक आलाय. तर हे गृहस्थ गवत कापायच्या मशीनवर बसून निघाले, मागे छोटी ट्रॉली जोडून, विस्कॉन्सिनला भावाच्या घरी, २४० मैल. म्हणजे आपल्याकडचं बघायचं तर पुण्याहून निघून कोल्हापूर, बेळगाव मागे टाकून आणखी पुढे, ताशी आठ किलोमीटरने, सर्व्हिस रोडवरून, सहा आठवडे. अल्विनचं काम केलंय रिचर्ड फार्नस्वर्थने, जो स्वतः कित्येक दशकं स्टंट करणारा होता, दुसऱ्यांच्या वाटचं घोड्यावरून पडणारा, आणि याच कामासाठी त्याला ७९व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं.

भावाचं काम स्टँटनचं. पूर्ण सिनेमाभर तो दिसत नाही, फक्त त्याचं नाव येतं, लाइल. अल्विन वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला लाइलबद्दल काही ना काही सांगतो. जवळजवळ दोन तास आपण या माणसाची वाट बघतोय! विचार कर, एखाद्या नटाच्या एन्ट्रीसाठी एवढी तयारी केलीय आणि त्याच्याकडे मिनिटं आहेत मोजून दोन-तीन, तिथे आपल्यासारखा कोणी असता तर काय काय केलं असतं.

तो मोडक्या घरातून वॉकर धरून बाहेर येतो. अल्विनला बसायला सांगतो. दोघं ओसरीवर बसतात. मग लाइलची नजर अंगणात उभ्या त्या गवत कापायच्या मशीनवर जाते. तो बघत राहतो. चेहऱ्यावर काही फार हलत नाही, पण त्याला कळतं, आपल्याला दिसतं त्याला कळलेलं, की हा एवढ्यावर बसून एवढ्या लांब आलाय. मग तो एकच प्रश्न विचारतो, की मला भेटायला तू यावर बसून आलास का, आणि अल्विन हो म्हणतो. संपलं. डोळे भरतात, रडारड नाही, माफी नाही, दहा वर्षांपूर्वी काय झालं होतं याचा शब्द नाही. नंतर दोघं वर आकाशाकडे बघतात. मी हा सीन किती वेळा बघितलाय मोजलं नाही, माझे बाबा आणि काका बोलत नव्हते त्या काळात तर मला तो बघवायचा पण नाही.

आता सांग, ते एक वाक्य कोण चांगलं म्हणालं असतं? सुंदर आवाजाचे, पल्लेदार बोलणारे पन्नास नट सापडतील. पण आधी तीस-चाळीस वर्षं दुसऱ्याचं बोलणं ऐकत उभं राहायची सवय असलेला माणूसच त्या मशीनकडे तसं बघू शकतो असं मला वाटतं. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर नियमच करून ठेवला होता की स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांच्यापैकी कोणीही बाजूच्या भूमिकेत असेल तो सिनेमा अगदीच वाईट असू शकत नाही. पुढे अपवाद सापडल्याचं त्यांनीच कबूल केलं, पण नियम केला यातच सगळं आलं. वॉल्श २०२४च्या मार्चमध्ये गेले, आता दोघंही नाहीत.

तुझ्या घरच्यांना काय सांगायचं ते मला खरंच सुचत नाहीये. रात्री बारानंतर आकुर्डीला पोचायचं म्हणजे त्यांना काळजी वाटणारच, तर निदान निघताना फोन करत जा. पण तालमीत एक कर. उद्यापासून तुझी चार वाक्यं पाठ करायची थांबव, ती झालीत पाठ. बाकीचे बोलत असतात तेव्हा तुझा चहावाला काय ऐकतो, कोणाची उधारी आहे, कोणाला साखर कमी लागते, हिरो रडतो तेव्हा तो ग्लास विसळतो की थांबतो, हे ठरव. दिग्दर्शकाला विचारू नकोस, करून बघ. त्याला खटकलं तर तो सांगेल, नाही खटकलं तर ते तुझं.

आणि भरत नाट्य मंदिरात तुमचा प्रयोग कुठल्या तारखेला आहे ते कळव. मी मागच्या रांगेत असेन, आरोळ्या सुरू झाल्या की कानात बोटं घालून, आणि मी फक्त चहावाल्याकडे बघणार आहे.